तिच्या जपानात आमची ओहोटी

पुण्याच्या सरांचा फोन आला की ते रविवारी येतायत, तेव्हा मी सूनबाईला म्हटलं, सांग त्यांना, म्हातारा घरात नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही कुठं जाणार, सव्वा वर्ष झालं तुम्ही वाडीच्या गडग्यापलीकडं पाऊल टाकलं नाहीत. ते खरं होतं. ही गेल्यापासून मला बाहेर काही कामच उरलं नव्हतं.

सर कशाला येतायत ते मला माहीत होतं. त्यांना वही पाहिजे होती.

कसली वही, ते आधी सांगतो. माझ्या बायकोनं तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि चौथी अर्धी टाकून ती गेली. चारही जपानच्या. आताच्या नाही, दोनशे वर्षांमागच्या जपानच्या, आणि चारींत प्रेमप्रकरण. ती जपानला गेली नव्हती. आमची वाडी दिवेआगरला, तिचं माहेर श्रीवर्धनला, एवढाच काय तो तिचा प्रवास. पण त्या काळातली जपानी बाई कुठल्या महिन्यात कुठल्या रंगाचा पट्टा कमरेला बांधायची, हे तिला विचारलं असतं तर तिनं पोळी लाटता लाटता सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मी चौथी शिकलो. ती जुनी अकरावी. आमच्यात एवढं अंतर होतंच, त्यात तिनं जपान आणून घातला.

सुरुवात झाली ती पाहुण्यांमुळं. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही राहायला देतो. वीसेक वर्षांमागं एक बाई चित्रांचं मोठं पुस्तक विसरून गेल्या. हिनं त्यांना कळवलं, तर त्या म्हणाल्या, राहू दे तुम्हाला. जुनी जपानी चित्रं. किनाऱ्यावर ओढलेली होडी, चार माणसं रेटतायत. डोक्याला फडकं बांधलेली बाई बांबूवर काहीतरी वाळत घालतेय. पाऊस काढलेला, तोसुद्धा सरळ रेघांचा. ही मला म्हणाली, "अहो, बघा तरी. हे आपलंच गाव आहे. फक्त माणसं वेगळी." मी बघितलं. झाडं आपल्या सुरूसारखी होती, एवढं मला पटलं. मी तसं सांगितलं नि शिपण्याला गेलो. तेव्हा नीट बसून बघितलं असतं तर पुढचं कदाचित निराळं झालं असतं. पण पाटाला पाणी सोडलेलं होतं.

पहिली दोन वर्षं ती नुसती वाचत होती. श्रीवर्धनच्या वाचनालयात जपानवर जे होतं ते संपलं, मग ती पुण्याहून पुस्तकं मागवू लागली, आणि त्यातूनच हे सर निघाले. जपानी भाषा शिकवायचे, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. हिनं त्यांना एक पत्र टाकलं, त्यात प्रश्न सात. त्यांचं उत्तर आलं चौदा पानांचं. पोस्टमन म्हणाला, काकी, कोर्टाचे कागद आलेत वाटतं. हिचं तोंड असं फुललं होतं की तसं मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. लग्नात ती रडत होती, ते सोडा.

मला ते सर आवडले नाहीत. माणूस बघायच्या आधीच आवडला नाही.

हिची लिहायची पद्धत सांगतो. सकाळचा स्वयंपाक उरकला की पडवीत बसायची, मांडीवर पाट आडवा, त्यावर वही. पेन्सिलीनं लिहायची, कारण आमच्या हवेत शाई फुटते. वह्या दोन. एका वहीत गोष्ट. दुसरीला ती चौकशीची वही म्हणायची. त्यात डाव्या पानावर प्रश्न आणि उजवं पान कोरं. उत्तर मिळालं की उजवीकडं लिहायचं आणि पुढं खूण करायची की ते कुठून मिळालं. पुस्तकातलं असलं तर ‘पु’. सरांकडून आलं असलं तर ‘स’. मी एकदा कुणी नसताना ती वही चाळली, तर सगळीकडं स, स, स. मी वही होती तशी ठेवली आणि वाडीत जाऊन दुपारपर्यंत झावळ्या ओढत बसलो.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांचा फोन. पत्रं पुढंपुढं कमी झाली आणि फोन सुरू झाला. ही साडेतीनलाच तोंड धुवून बसायची. फोनवर कोण तोंड बघणार होतं? मी तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, चहा ठेवलाय, घ्या. त्या अर्ध्या तासात ती जे हसायची ते मी पडवीच्या पायरीवर सुपारी सोलत ऐकायचो. बोलणं काय, तर जुन्या जपानात घड्याळ कसं होतं. म्हणे उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि थंडीत आखूड, आणि तासांना जनावरांची नावं. त्यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. एकदा सरांकडून पार्सल आलं तेव्हा ही माहेरी गेलेली. मी ते सही करून घेतलं आणि नारळाच्या सोडणाच्या ढिगामागं ठेवून दिलं. चार दिवस. ती आली, रोज विचारायची, पोस्टमन आला होता का. मी म्हणायचो, बघितला नाही. पाचव्या दिवशी मी ते काढून तिच्या पाटावर ठेवलं. एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. तिनं पार्सल उघडलं, कागद झटकले, माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिच्या गोष्टीतले नायक सगळे एका साच्यातले. कुणी लाकडावर चित्र कोरणारा, कुणी कविता करत हिंडणारा, आणि प्रत्येकाची बोटं लांब. बोटांवर तीन-तीन ओळी. माझी बोटं सोडणानं फाटलेली, दोराच्या काचानं वाकडी झालेली. सूनबाईनं पहिली कादंबरी मोठ्यानं वाचायला घेतली तेव्हा मी उठून गेलो. ती पाठीमागून म्हणाली, "बाबा, हिरोवर जळता की काय?" मी म्हटलं, पाण्याची मोटार चालू राहिलीय. मोटार बंद होती, आणि ते तिलाही ऐकू येत होतं.

मग एक मोठं वादळ आलं, त्यात आमच्या अर्ध्या पोफळी गेल्या. सगळं गाव उघडं पडलं. तेव्हा ही पत्र्याच्या पेटीवर पत्रा टाकून त्यावर बसून राहिली होती. मला वाटलं पेटीत दागिने आहेत. वह्या होत्या.

मग ती आजारी पडली. ते काही सांगत नाही. शेवटच्या दिवसांत, अजून बसता येत होतं तेव्हा, ती मला म्हणाली की एक विचारायचंय, चौथ्या गोष्टीचं. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं, तुझ्या सरांना विचार." ती म्हणाली, बरं. त्यानंतर तिनं विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

ती गेल्यावर मी वाचायला लागलो. बोट ठेवून, दिवसाला एक पान, कधी दीड. तीन छापलेल्या पुस्तकांना वर्ष लागलं. मी स्वतःला शोधत होतो, हे कबूल करतो. पहिल्यात सापडलो नाही, दुसऱ्यात नवरा दारुडा, तो मी नव्हे. तिसऱ्यातही नाही. चौथ्या गोष्टीच्या वहीत सापडलो. गोष्ट अशी, की एका मिठागरवाल्याची बायको. गावासमोर समुद्रात छोटं बेट, ओहोटीला मधली वाळू उघडी पडते. बेटावरच्या देवळात एक चितारी उतरलाय, लांब बोटांचा. मिठागरवाला माणूस भला, पण बोलत नाही. घरात शिरायच्या आधी दोन्ही वहाणा एकमेकींवर तीनदा आपटतो. मी वाचता वाचता थांबलो. मी तेच करतो, चाळीस वर्षं करतोय, वाळू घरात येऊ नये म्हणून. म्हणजे मी तो होतो. ज्याला सोडून जायचं, तो.

दोन दिवस वही उघडली नाही. मग राग आला म्हणून उघडली. शेवटच्या पानावर ती बाई तिन्हीसांजेला, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, काठावर उभी आहे. वाळू उघडी पडलीय. तिनं वहाणा हातात घेतल्या आणि पाय खाली टाकला. तिथं गोष्ट थांबते.

सरांना हीच वही हवी होती. प्रकाशकांनी त्यांना सांगितलं होतं की शेवट तुम्ही पुरा करा, बाईंचं सगळं तुम्हालाच माहीत आहे. तुम्हालाच माहीत आहे, हे सूनबाईनं मला फोनवरून ऐकून जसंच्या तसं सांगितलं.

रविवारी ते आले. मला वाटलं होतं उंच असतील. बुटके निघाले, काठी टेकत, गुडघे गेलेले. जेवताना सोलकढी दोनदा मागून घेतली, सूनबाईला हात जोडले. बोलताना हिला वहिनी म्हणत होते. वहिनी म्हणतात म्हणून काय झालं, मी मनात म्हटलं. मग त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढून माझ्यापुढं ठेवलं. हिची सगळी पत्रं. सुतळीनं बांधलेली, तारखेवार लावलेली. म्हणाले, ही तुमच्याकडं असावीत.

माझ्याकडं तिचं एकही पत्र नाही. एका घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं. ह्या माणसाकडं तिचं अक्षर हातभर जाड होतं, आणि तो ते मला देत होता, आणि मला त्याचाही राग आला.

मी वही आणून दिली. त्यांनी तिथंच पडवीत बसून शेवटची वीस पानं वाचली. चष्मा पुसला. मग म्हणाले, एक अडचण आहे. गोष्टीतली जागा जपानच्या पूर्वेकडची. तिथं पौर्णिमेला तिन्हीसांजेला ओहोटी नसते. भरती असते.

मी म्हटलं, "पौर्णिमेला दुपारी बाराला भरती नि सांजेला ओहोटी. हे पोरालापण ठाऊक हाय."

ते म्हणाले, तुमच्याकडं. तिकडं पौर्णिमेला दुपारी पाणी उतरलेलं असतं आणि सांजेला भरून येतं. मी म्हटलं, चंद्र दोन आहेत का? त्यांनी समजावलं की चंद्र एकच, पण प्रत्येक किनाऱ्याला पाणी आपापल्या वेळेला पोचतं. त्यांनी मोबाइलवर तिकडच्या वेळा काढून दाखवल्या. माणूस खोटं बोलत नव्हता. मग म्हणाले, वहिनी एवढ्या बारकाईनं तपासायच्या, हे कसं सुटलं समजत नाही. जुन्या जपानात तिथीच पाळायचे आपल्यासारख्या, त्यामुळं त्यांना वाटलं असावं की पाणीही तसंच.

ते हिला वाटलेलं नव्हतं. ते मी सांगितलेलं होतं.

मी आत जाऊन चौकशीची वही आणली. ही वही त्यांनी कधी बघितली नव्हती. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "स म्हणजे मी, पु म्हणजे पुस्तक. पण काही ठिकाणी नुसता गोल आहे. हा कुठला संदर्भ?"

मलाही तो गोल आधी कळला नव्हता. पेन्सिलीनं काढलेला, कुंकवाएवढा. मग एका पानावर डावीकडं दिसलं, भिजलेला दोर वाळायला किती वेळ लागतो. उजवीकडं, दोन उन्हं, वारा असेल तर दीड. पुढं गोल. असं कोण बोलतं? आमच्या घरात नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, उखाणा सोडला तर, आणि हिनं ते लिहिण्यातसुद्धा पाळलं होतं.

"तो मी," मी म्हटलं.

सर पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागले, फक्त गोल बघत. गोल थोडेच आहेत. स भरपूर. पण ओहोटीच्या प्रश्नापुढं गोल होता.

मग ते सावकाश म्हणाले की वेळ दुरुस्त केली तर शेवट बदलावा लागेल, पण वाईट होणार नाही. ती काठावर येते, पाणी भरलेलं असतं. जाता येत नाही. ती परत फिरते. घरी मिठागरवाला दार उघडं ठेवून बसलेला असतो.

खरं सांगतो, वही वाचल्यापासून मला तेच पाहिजे होतं. त्या चिताऱ्यानं बसावं बेटावर बोटं मोडत. ती परत यावी. त्यासाठी करायचं काय, तर माझा एक गोल खोडायचा. एवढ्या वह्यांत माझ्या वाट्याला आलेला, मोठा म्हणता येईल असा एकच, तो.

मी म्हटलं, गाडी हाय ना तुमची, चला.

आदल्या दिवशी पौर्णिमा झाली होती. खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सहा वाजून गेलेले. पाणी पार खाली उतरलेलं, पलीकडच्या काठापर्यंत वाळूचा दांडा उघडा पडलेला, ओला, चकचकीत. सर काठीवर रेलून बघत राहिले. म्हणाले, इथलं अगदी बरोबर आहे हो.

मी त्यांना सांगितलं. हिनं प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर दिलं आणि झालं, असं नव्हतं. तिला बघायचं होतं. पौर्णिमेला आम्ही दोघं इथं आलो. साठी उलटली होती तिची. मी पुढं निघालो, तर म्हणाली, तुम्ही इथंच थांबा, मला एकटीला जायचंय. लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर खोचलं, वहाणा हातात घेतल्या आणि गेली. मी इकडून ओरडत होतो की पाणी फिरेल, लवकर ये, चहाची वेळ टळली. ती काही लवकर आली नाही. पलीकडं पोचली, तिथं उभी राहिली. बऱ्याच वेळानं आली. घरी येऊन चहा तिनंच केला. मी जेवेपर्यंत बोललो नाही तिच्याशी.

मग मी चौकशीची वही पिशवीतून काढली आणि शेवटचं पान उघडलं. डावीकडं प्रश्न होता, ‘पलीकडं पोचल्यावर ती मागं वळून बघते का?’ उजवं पान कोरं. पण गोल आधीच काढून ठेवलेला. हाच प्रश्न तिला मला विचारायचा होता आणि मी म्हटलं होतं, तुझ्या सरांना विचार.

ते बघून सरांनी चष्मा काढला. मी त्यांना तेवढा वेळ दिला. जास्त नाही.

"पाणी असूंद्या आमचं," मी म्हटलं. "ती जाते."

ते म्हणाले, जपान जाणणारे लोक चूक काढतील. वहिनींना नावं ठेवतील. मी म्हटलं, पुस्तकात पुढं लिहा, की भरती-ओहोटी बाईंच्या घरच्या माणसानं सांगितली, चूक त्याची. ते मग म्हणाले, बरं. आणि हे? त्यांनी कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"बघते," मी म्हटलं. "पलीकडं पोचली की वळून बघते. तो ओरडत असतो, तिला ऐकू येत न्हाय, पण हसते. एवढं लिहा. बाकी तुमचं."

त्यांनी ते तिथंच खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं. गोष्टीची वही मी त्यांना देऊन टाकली. चौकशीची नाही. त्यांनी दोन दिवसांपुरती मागितली, फोटो काढून परत पाठवतो म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा मागितली नाही, म्हणजे शहाणा माणूस. पत्रांचं पुडकं मी ठेवून घेतलं. रोज एक वाचतो. मधेमधे माझं येतं त्यात. हे म्हणतात की आज वारा फिरला. हे म्हणतात की मासळी महाग झाली. हे म्हणतात, हे म्हणतात. त्या माणसानं पंधरा वर्षं मला वाचलंय आणि मला माहीत नव्हतं.

ते पुस्तक अजून छापून आलेलं नाही. आल्यावर मी बघणार आहे की बोटांवरच्या ओळी तशाच ठेवल्यात का. ठेवल्या असतील. तो तिचा प्रश्न.

त्या संध्याकाळी आम्ही निघालो, तर सर थांबले. बूट काढायला लागले. म्हणाले, वहिनी गेल्या त्या वाळूवरून चार पावलं मीही चालून बघतो, पलीकडपर्यंत नाही, थोडंसंच.

मी म्हटलं, "तुम्ही नका जाऊ. पाणी फिरलंय. गुडघे भिजतील तुमचे."

त्यांनी बूट पुन्हा घातले. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं.

पाणी अजून घोट्याएवढंसुद्धा आलं नव्हतं.